पाण्याचा दिवस आणि पाऊस एकदमच आले! घरात कपडे लवकर कसे वाळवता?

आक्काची_लेक
नमस्कार मंडळी. माझं बाळ दोन महिन्यांचं आहे आणि मी सध्या माहेरी, जुळे सोलापुरात, दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आहे. नळाला पाणी पाचव्या दिवशी येतं. म्हणजे मोठ्यांचे चार दिवसांचे कपडे साठतात आणि पाण्याच्या दिवशी सगळे एकदम धुवायचे. उन्हाळ्यात याचं काही वाटत नाही. मे महिन्यात दुसरी बादली गच्चीवर नेईपर्यंत पहिलीतले कपडे वाळून कडक झालेले असतात.

पण आता सहा दिवस ऊन नाही. गुरुवारी पाणी आलं आणि त्याच दिवशी पाऊसही. आज रविवार, जीन्सची कमरेची पट्टी अजून ओली आहे, टॉवेलांना कुबट वास सुटलाय आणि बाळाचे लंगोट दिवसाला वीस-बावीस होतात. ते तर रोजच धुवावे लागतात.

आई म्हणते, शेगडी पेटवून वर दुरडी उपडी घाल, दुरडीवर लंगोट पसर, निखाऱ्यावर ओवा टाक. तुम्ही भावंडं तशीच वाढलात. मला भीती वाटते. नवरा म्हणतो, ड्रायर घेऊ. वर्षातल्या पंधरा दिवसांसाठी एवढं मोठं यंत्र घ्यायचं आणि ठेवायचं कुठे? बाल्कनी आहे पण पश्चिमेची, झड थेट आत येते.

तुम्ही काय करता? खरंच अडले आहे.

कडकभाकरी
ताई, आमच्याकडं बी तेच चालू हाय. हॉलमध्ये आडव्या चार दोऱ्या बांधल्यात. काल पाहुणे आले, ते बनियनी बाजूला सारत सोफ्यापर्यंत पोचले. डब्यातल्या कडक भाकरीसुद्धा सर्द होऊन वाकायलेत.

समुद्रकाठ
सहा दिवसांच्या पावसाला धागा! आमच्या रत्नागिरीत या, जूनमध्ये दोरीवर घातलेला पंचा गणपतीला वाळतो. :)

गंमत सोडा. आमच्याकडे जुन्या घरात चुलीच्या वर बांबूचं वलण टांगलेलं असे. रात्रीची चूल विझली की लहान मुलांचे कपडे त्यावर. चूल विझल्यावर, हे महत्त्वाचं. खालच्या उबेवर सकाळपर्यंत वाळत, फक्त धुराचा वास येई. आता गॅस आला आणि ते वलण गेलं.

होटगीरोड
समुद्रकाठ, हसा खुशाल, पण एक लक्षात घ्या. तुमच्या घरांना पडवी असते, उतरतं छप्पर असतं. आमची घरं बांधलीच ती ऊन बाहेर ठेवायला. जुनी माळवदाची, म्हणजे मातीच्या सपाट छपराची घरं बघा, हातभर जाड भिंती आणि एवढुशा खिडक्या. नव्या फ्लॅटांतही धूळ नि झळ नको म्हणून आम्ही खिडक्या लावून बसतो. मग सप्टेंबरात आमचा सगळ्यात जास्त पावसाचा महिना येतो आणि घराला श्वासच घेता येत नाही. ओले कपडे वाळत घातले की संध्याकाळी आरसा आणि काचा घामेजतात.

टॉवेलवाला
आक्काची_लेक ताई, मी पंचवीस वर्षं टॉवेलाच्या धंद्यात, अक्कलकोट रोड एमआयडीसीत. रंगखात्यातून माल ओला निघतो तेव्हा आम्ही आधी काय करतो ते सांगतो, तेच घरी करायचं आहे.

माल आधी 'हायड्रो'त जातो. हायड्रो म्हणजे भोकं पाडलेला मोठा गोल पिंप, गरगर फिरतो आणि पाणी बाहेर फेकतो. त्यातून निघाल्यावरच माल गरम हवेच्या ड्रायरमध्ये. नवा पोरगा एकदा घाईत हायड्रो अर्धवट करून माल पुढे ढकलत होता. शेठने त्याला बाजूला घेऊन सांगितलं, "पाणी फिरवून काढलं तर पैशात निघतं, तापवून काढलं तर रुपयात."

हिशेबही तसाच आहे. एक लिटर पाण्याची वाफ करायला पाऊण युनिटच्या जरा खालीच पण तेवढी उष्णता लागतेच, कुठूनही आणा. तेच पाणी फिरवून काढायला वीज नावापुरती लागते. घरी कपडे वाळत नाहीत त्याचं निम्मं कारण हेच की दोरीवर जातानाच त्यांच्यात पाणी फार असतं.

म्हणून मशीनचं फिरवणं संपलं की कपडे बाहेर काढा, झटका, उलटसुलट करून परत आत टाका आणि पुन्हा एकदा फक्त फिरवा. पाच मिनिटांचं काम आहे. दुसऱ्या खेपेला नळीतून जे पाणी येतं ते बघा म्हणजे पटेल.

मोजूनमापून
टॉवेलवाला, तुमचं वाचलं आणि आज सकाळी माळ्यावरचा भाजी तोलायचा काटा काढला. आमचा सोलापुरी टॉवेल कोरडा ४०० ग्रॅम. भिजवून मी आणि बायकोने दोन टोकं धरून, दात-ओठ खाऊन पिळला: ९४० ग्रॅम. तोच मशीनमध्ये एकदा फिरवला: ७०० ग्रॅम. झटकून पुन्हा फिरवला: ६३० ग्रॅम.

हाताने पिळून वाळत घातला असता तर अर्धा लिटरहून अधिक पाणी हवेतच सोडायचं होतं. आता पाव लिटरच्या आत आलं. एका टॉवेलात. घरात असे सहा.

नवी_पेठ
आमची मशीन साधी सेमी-ऑटोमॅटिक. मेहुणे येतात तेव्हा नेहमी म्हणतात, आता तरी ऑटोमॅटिक घ्या. सांगायचा मुद्दा, तिचं छोटं पिंप बहुतेक वरून झाकणाच्या ऑटोमॅटिकपेक्षा जोरात फिरतं. आमच्यावर मिनिटाला १,३०० च्या वर फेरे लिहिलेत, मेहुण्यांच्या मशीनवर ७०० च्या आसपास. शिवाय आपल्याकडे पाण्याची ही तऱ्हा. सेमीमध्ये साबणाचं एकच पाणी आधी पांढऱ्यांना, मग रंगीतला, मग पायपुसण्यांना वापरता येतं. सोलापुरात ती मशीन घराघरांत टिकून आहे ती उगाच नाही.

पुण्यात_सोलापूरकर
मशीन नसेल, किंवा पाण्यासारखीच लाइटही गेली असेल, तर: कोरडा मोठा टॉवेल पसरायचा, त्यावर ओला शर्ट, दोन्ही मिळून पोळीसारखी घट्ट गुंडाळी करायची आणि गुडघ्याखाली दाबून पिळायची. टॉवेल पाणी शोषतो. होस्टेलला चार वर्षं असेच दिवस काढले. मुलाखतीच्या आदल्या रात्री धुतलेला शर्ट सकाळी अंगात घातलाय.

विणकरवस्ती
टॉवेलवाला काकांच्या म्हणण्याला जोड. कापड कुठलं हे बघा. सुताच्या प्रत्येक तंतूच्या आत पाणी शिरतं. आपण कोरडा म्हणतो त्या १०० ग्रॅम सुतातही हवेतलं साधारण ८.५ ग्रॅम पाणी असतं, पॉलिस्टरमध्ये ०.४ ग्रॅम. म्हणून शाळेचा पॉलिस्टरचा गणवेश रात्रीत वाळतो आणि सुती चादर तीन दिवस घेते. पावसाळ्यात पाण्याच्या दिवशी सगळंच धुवायचा हट्ट सोडा. चादरी राहू द्या, उघडीप मिळाली की धुवा.

आणि टॉवेलाला सुगंधी मऊ करणारं औषध घालू नका. टॉवेलावरचे सुताचे फासे चिकट होतात, मग टॉवेल अंग पुसतही नाही. वाळत घालायच्या आधी दोन टोकं धरून तीन-चार वेळा फाडकन झटका, आडवे पडलेले फासे उभे राहतात आणि वारा आत जातो.

वडील जुन्या गिरणीत होते. ते सांगायचे, उन्हाळ्यात सोलापूरची हवा इतकी कोरडी की सूत तटातट तुटायचं, म्हणून खात्यात मुद्दाम पाण्याचे फवारे सोडून हवा दमट ठेवत. आज ते असते तर म्हणाले असते, ही हवा आमच्या खात्यात पाठवा.

कडकभाकरी
आमच्याकडं भिजत घोंगडं नाही, भिजत चादर! सोलापुरी चादरीसारखं त्याला बी मानांकन मिळंल.

झाकपाक
पण वाळत घालायचं कुठे? मी सगळ्या खिडक्या बंद करून पंखा पाचवर ठेवते. बाहेर एवढा ओलावा असताना खिडकी उघडून तो आत का घ्यायचा? शेजारच्या काकू खिडकी उघडी ठेवा म्हणतात, मला पटत नाही.

पुण्यात_सोलापूरकर
+१. बाहेर पाऊस, खिडकी बंदच हवी.

फळ्यासमोर
झाकपाक, काकूंचं बरोबर आहे. मी भौतिकशास्त्र शिकवते, हे दरवर्षी वर्गात येतं.

हवा जितकी गरम तितकं जास्त पाणी ती पोटात घेऊ शकते. समजा बाहेर २४ अंश आहे आणि आर्द्रता ९० टक्के. ती हवा तुमच्या घरात येऊन २७ अंशांना तापली तर पाणी तेवढंच राहतं पण आर्द्रता ७५ टक्क्यांवर येते. म्हणजे अजून पाणी घ्यायची तिची तयारी असते. उलट बंद खोलीत दहा-बारा ओले कपडे टांगले की ते स्वतःच खोली ९० च्या पुढे नेतात. मग पंखा तीच तुडुंब हवा गोल गोल फिरवत बसतो. कपडे पहिल्या दोन तासांत बरे वाळतात आणि मग थांबतात, हा अनुभव तुम्हालाही आला असेल.

तेव्हा झड नाही त्या बाजूची खिडकी चार बोटं उघडी आणि समोरच्या बाजूला हवा बाहेर जायला वाट. न्हाणीघराचा एक्झॉस्ट पंखा चालू केला तरी काम होतं. वारा कपड्यांवरून जायला हवा आणि मग घराबाहेरही.

झाकपाक
पहिल्या दोन तासांनंतर थांबतात, हे अगदी खरं. मी समजत होते पंखाच जुना झालाय. आज करून बघते.

अशोक_चौक
ताई, तुमच्याकडं कूलर हाय का नाही? सोलापुरात कूलर नाही असं घर दाखवा. जून संपला की त्याला पोतं झाकून गॅलरीत उभा करतेत. तो काढा की ओ बाहेर!

पाण्याची मोटर सुरू करायची नाही, टाकी कोरडी ठणठणीत करायची, तिन्ही बाजूच्या गवताच्या जाळ्या काढून ठेवायच्या (त्यात उन्हाळ्याची धूळ असतीय, नाहीतर धुतलेल्या कपड्यावर ती बसंल). आता राहिला नुसता पंखा. टेबलफॅन त्याच्यापुढं काहीच नाही. कपड्याच्या स्टँडच्या समोर लावायचा, हातभर अंतर. आमच्या घरी जीन्स रात्री दहाला घातली की सकाळी सहाला अंगात. जाळ्या काढल्यावर आत हात घालायला पोरांना मोकळं होतंय, तेवढं सांभाळा.

होटगीरोड
अशोक_चौक, हे कधी सुचलंच नाही. कूलर चार महिने कपडे ठेवायचं टेबल झालेला असतो आमचा!

जीन्सचा विषय निघालाय म्हणून: उलटी करा, खिसे बाहेर ओढून ठेवा आणि कमरेची पट्टी चार चिमट्यांनी गोल उघडी राहील अशी दोन दोऱ्यांना अडकवा. नळकांडं झालं पाहिजे. दोरीवर दुमडून टाकली की दुमड कधीच वाळत नाही. शर्ट हँगरवर, आणि दोन हँगरमध्ये चार बोटांचं अंतर. जागा पुरत नाही म्हणून दाटीवाटीने घालण्यापेक्षा अर्धेच घालावेत, ते वाळले की उरलेले.

लीड्सहून
मी मूळची सोलापूरची, आता इंग्लंडमध्ये. इथे हिवाळ्याचे पाच महिने कपडे घरातच. आम्ही ओलावा शोषणारं यंत्र, डिह्युमिडिफायर, लहान खोलीत ठेवतो, दार-खिडकी बंद. सकाळी टाकीत दोन लिटर पाणी साठलेलं असतं. फळ्यासमोर बाई म्हणतात ते बरोबरच; फक्त हे यंत्र असेल तर खिडकी बंद ठेवायची, कारण पाणी बाहेर घालवायचं काम तेच करतं.

पंधरा दिवसांसाठी ते विकत घेऊ नका. ज्यांच्याकडे एसी आहे त्यांच्या रिमोटवर 'ड्राय' असतं, तेही हेच करतं.

मोजूनमापून
लीड्सहून, बरोबर. मी एसीच्या नळीखाली बादली लावली होती. बंद बेडरूममध्ये दोन दोऱ्या कपडे, ड्राय, तीन तास. बादलीत दोन लिटरच्या आसपास पाणी. ते फरशी पुसायला वापरलं. पाचव्या दिवशी पाणी येणाऱ्या गावात एवढं पाणी कोण फेकणार?

विजेचा खर्च मात्र पंख्यापेक्षा कितीतरी जास्त. साधा छताचा पंखा ७५ वॉटचा, रात्रभर आठ तास चालला तरी ०.६ युनिट. म्हणून एसी निकडीच्या दिवशीच.

दवाखान्यातून
मी परिचारिका आहे. धागा छान रंगलाय पण मूळ प्रश्नातल्या शेगडीबद्दल कुणी ठामपणे बोललं नाही, म्हणून लिहिते.

आक्काची_लेक, बंद खोलीत कोळशाची शेगडी नको. बाळ-बाळंतीण असलेल्या खोलीत तर अजिबात नको. धुमसणाऱ्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला ना वास ना रंग. डोकं दुखतं, गुंगी येते, झोप लागल्यासारखं होतं आणि माणूस उठत नाही. बाळ सांगूही शकत नाही. ओव्याच्या धुरीने बाळाच्या श्वासाला त्रास होतो तो वेगळाच. तुमच्या आईची माया खोटी नाही. त्या काळी घरं माळवदाची होती, वर धूर जायला धारं असायचं, दारं दिवसभर उघडी. फ्लॅटमध्ये ते काहीच नाही. रूम हीटरवर कपडे टाकणं हेही तितकंच धोक्याचं, कपडा पेटतो.

आणि लंगोट ओलसर असेल तर घालू नका. जांघेत लालसर चट्टे येतात ते दमटपणाने. लंगोट जवळजवळ वाळला की दोन्ही बाजूंनी गरम इस्त्री फिरवा, मग थोडा वेळ हवेवर ठेवून घडी घाला. पूर्ण ओल्यावर इस्त्री करत बसू नका, वीज जाते आणि शिवण ओलीच राहते.

माळवदावरची
मी सत्तरीची आहे, नात टाइप करून देते आहे.

बाळा, लंगोट कसले वापरतेस? दुकानातले तीन पदरी शिवलेले असतील तर ते वाळणारच नाहीत. आम्ही जुन्या धोतराचे, विटलेल्या सुती साडीचे एकपदरी चौकोन फाडायचो. बाळाला घालताना घडी घालून जाड करायचे, वाळत घालताना उलगडून एकपदरी. पंख्याखाली तासा-दीड तासात वाळतात. तुझ्या आईकडे जुन्या इरकली साड्या असतील, तिला सांग एक फाडायला. मन होत नाही हे मला माहीत आहे.

सूक्ष्मदर्शी
कुबट वासाबद्दल. तो पाण्याचा वास नाही. २०१२ साली जपानी संशोधकांनी या वासामागचा मुख्य जीवाणू शोधला, मोराक्सेला ओस्लोएन्सिस. धुऊनही कापडात थोडे उरतात आणि कापड जितका वेळ ओलं राहील तितके वाढत जातात. कोरडेपणा आणि ऊन दोन्हींत तो बऱ्यापैकी तग धरतो, म्हणून एकदा वास धरलेला टॉवेल उन्हात वाळवला तरी पुन्हा भिजला की तोच वास येतो.

असे टॉवेल कडकडीत गरम पाण्यात भिजवून धुवा. साबण जास्त घालू नका, न निघालेला साबण त्यांचं खाद्यच होतो. आणि धुणं झाल्यावर मशीनमध्ये तासन्‌तास ठेवू नका. आपल्याकडे पाणी पहाटे येतं, मशीन लावून माणूस परत झोपतो, सगळी गडबड तिथेच होते.

सीनाकाठ
मी मोहोळ तालुक्यातला. २०२५ च्या सप्टेंबरात सीनेला पूर आला तेव्हा आमच्या घरात छातीएवढं पाणी होतं. चार दिवसांनी परत आलो तर सगळ्या वाकळा, गाद्या चिखलात. वाकळ भिजली की दोन माणसांना उचलत नाही. आईच्या हातच्या होत्या, टाकवेनात.

आम्ही आधी चिखल नुसत्या पाण्याने काढला, साबण नाही. मग बाजेवर उभ्याआडव्या टाकून रात्रभर निथळू दिल्या. पिळायच्या नाहीत, टाके तुटतात. सकाळी दोन समांतर दोऱ्यांवर अशा घातल्या की मध्ये झोळ राहील आणि खालून वारा जाईल, दर दोन तासांनी बाजू बदलायची. शाळेत आसरा होता तिथल्या वर्गाचे दोन्हीकडचे दरवाजे उघडे ठेवले होते, वारा आरपार. पातळ वाकळा तीन दिवसांत वाळल्या. दोन जाड होत्या, त्यांना आतून काळी बुरशी आली. त्या आईनेच उसवल्या आणि वरचं कापड तेवढं ठेवून घेतलं.

जाड वस्तू हाताला वरून कोरडी लागते, आत ओल असते. गालाला लावून बघा. गार लागली तर ओली आहे.

माळवदावरची
सीनाकाठ, त्या कापडाची नवी वाकळ शिवली का आईने?

सीनाकाठ
हो आजी. दिवाळीनंतर शिवली.

समुद्रकाठ
गालाची खूण आमच्याकडेही आहे. सीनाकाठ, तुमच्या आईला नमस्कार सांगा.

नवी_पेठ
ताई, काय झालं शेवटी? तुमच्याकडे पाण्याचा दिवस येऊन गेला असेल.

आक्काची_लेक
आला! काल पहाटे साडेतीनला. सगळ्यांना लिहायचं होतं पण बाळाने वेळ दिला नाही.

सगळं दोनदा फिरवलं. दुसऱ्या वेळी नळीतून मगभर पाणी आलं, आई बघतच राहिली. चादरी धुतल्या नाहीत. जुने टॉवेल बंबातल्या पाण्यात भिजवले, वास गेला. बाबांनी कूलरवरचं पोतं काढलं, जाळ्या काढल्या आणि हॉलच्या दारात उभा केला. न्हाणीघराचा एक्झॉस्ट चालू. कपडे सकाळी सातला घातले, शर्ट दुपारी एकला घडी करून कपाटात, जीन्स संध्याकाळी सहाला. बाहेर दिवसभर भुरभुर चालूच होती. एसी लावावाच लागला नाही, ड्रायरचं नाव नवऱ्याने आपणहून काढलं नाही.

शेगडीबद्दल दवाखान्यातून ताईंनी लिहिलं ते मी आईला वाचून दाखवलं. ती काही बोलली नाही, उठून आत गेली. मला वाटलं रागावली. थोड्या वेळाने ट्रंकेतली आमसुली इरकल घेऊन आली, तिच्या डोहाळजेवणातली, आणि दातांनी काठ उसवायला बसली. काठ वेगळा ठेवलाय. सोळा लंगोट झाले.

आणि दुरडी तिने सोडली नाहीच. स्टुलावर आडवी ठेवली, तोंड टेबलफॅनकडे, बाहेरून गोल गोल लंगोट पसरले. वारा दुरडीत शिरतो आणि प्रत्येक फटीतून बाहेर येतो. चांगले फिरवलेले असतात म्हणून पाण्याचा थेंब गळत नाही, फॅनही दोन हात लांब आहे. पहिले आठ लंगोट पन्नास मिनिटांत वाळले. आईने एकेक गालाला लावून बघितला.

अशोक_चौक
दुरडीचा फोटो टाका की ताई!

आक्काची_लेक
टाकते. आत्ता तिच्यावर दुसरी खेप आहे.